ड्यूटी संपल्यावर वॉर्डात काय होतं?

*मॅडम, नमस्कार. चौदा वर्षं अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, म्हणून काम केल्यावर गेल्या महिन्यात मला परिसेविकेची, म्हणजे वॉर्ड इन्चार्जची, ऑर्डर मिळाली. मराठवाड्यातलं जिल्हा रुग्णालय आहे. ज्या फीमेल मेडिकल वॉर्डात सहा वर्षं काढली, तोच ३० खाटांचा वॉर्ड इन्चार्ज म्हणून मिळाला. ओळखीचा वॉर्ड, ओळखीच्या मुली, म्हणून आनंद झाला होता. आता घरी गेले की रडू येतं. सकाळी साडेसातला येते, चार वाजले तरी पाय निघत नाही. कुणाला शीर सापडली नाही की इन्ट्राकॅथ, म्हणजे सलाईनची सुई, मीच घालते, इंडेंट, म्हणजे स्टोअरची मागणी, मीच लिहिते, डॉक्टरांच्या राउंडला मीच उभी. माझी जीएनएमपासूनची, म्हणजे नर्सिंग शिकत असल्यापासूनची, मैत्रीण याच वॉर्डात आहे. एका डब्यात जेवलोय आम्ही. ती आता सगळ्यांसमोर 'मॅडम म्हणतील तसं' असं बोलते आणि नाईट लावली की तोंड फिरवते. आधीच्या इन्चार्ज निवृत्त झाल्या, चार्ज अजून पुरता झालेला नाही, आणि डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे वॉर्डातल्या खाटा-यंत्रांच्या नोंदवहीवर, सही करा म्हणून स्टोअरचा तगादा आहे. त्यातच गेल्या आठवड्यात नव्या स्टाफने इन्शुलिनचा अडीचपट डोस भरला. पेशंटचे नातेवाईक बाहेरून औषध घेऊन आले होते. दुसऱ्या सिस्टरने वेळेत पाहिलं म्हणून टळलं. मी त्या मुलीला पेशंटांसमोरच खूप बोलले. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. माझी सुरुवातच चुकली का? आता घडी कशी बसवू?*

प्रिय सिस्टर,

आधी त्या मुलीचं बघू. मैत्रीण, रजिस्टर, स्टोअर, सगळं दोन दिवस थांबू शकतं. हे थांबू शकत नाही.

'अडीचपट' हा शब्द वाचला आणि काय झालं असेल ते डोळ्यांसमोर आलं. वॉर्डात बहुतेक ४० ची बाटली येते, म्हणजे एका मिलीला ४० युनिट, आणि तिची लाल टोपणाची सिरिंज. नातेवाइकांनी मेडिकलमधून १०० ची बाटली आणली असणार. तिची सिरिंज वेगळी, नारिंगी टोपणाची. १०० च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं की ते अर्धा मिली होतं, आणि त्या अर्ध्या मिलीत ५० युनिट असतात. मुलीने केस पेपरवर २० वाचलं आणि २० भरलं. बाटलीवरचा आकडा तिने वाचायला हवा होता, ही तिची चूक आहेच, त्यात सूट नाही. पण ती बाटली वॉर्डात आली तेव्हा कुणी पाहिली? फ्रीजमध्ये कुणी ठेवली? ट्रेमध्ये १०० ची सिरिंज होती तरी का? हे प्रश्न त्या मुलीला विचारून उपयोग नाही. ते तुमचे आहेत, कारण आता तुम्ही इन्चार्ज आहात.

तिला एकटीला ड्यूटी रूममध्ये बोलवा. दार लोटून घ्या, तिला बसवा, तुम्हीही बसा. 'त्या दिवशी मी पेशंटांसमोर बोलले ते माझं चुकलं,' हे पहिलं वाक्य. त्याला 'पण' जोडू नका. ते वाक्य तिच्यापर्यंत पोचू द्या. मग डोसचं बोला, आणि स्पष्ट बोला. रात्रीत साखर उतरून पेशंट झोपेतच गेली असती, हे तिला कळलंच पाहिजे. मग दोघी मिळून तो प्रसंग पहिल्यापासून मांडा: बाटली कधी आली, ती कुठे उभी होती, त्या वेळी वॉर्डात काय चाललं होतं. मी पैज लावते, त्याच वेळी एखादी नवीन ॲडमिशन आली असेल किंवा कुणाचं सलाईन शिरेबाहेर जाऊन आउट झालं असेल.

त्यानंतर बदल करा. ४० आणि १०० च्या सिरिंज दोन वेगळ्या डब्यांत, डब्यावर मोठ्या अक्षरांत आकडा. बाहेरून आलेलं कुठलंही इन्शुलिन ड्यूटीवरच्या सिस्टरने स्वतः वाचून, त्यावर पेशंटचं नाव आणि '१००' लिहिल्याशिवाय फ्रीजमध्ये जाणार नाही. इन्शुलिन दोघींनी बघून द्यायचं. रात्री एकटी असेल तर शेजारच्या वॉर्डातली सिस्टर हाक मारल्यावर येईल, एवढं तिथल्या इन्चार्जशी तुम्ही ठरवून ठेवायचं. पोटॅशियम क्लोराइडचे अँप्युलही त्याच दिवशी बाकीच्या अँप्युलमधून बाहेर काढा, कारण ते कुणी चुकून थेट शिरेत दिलं तर सुधारायला वेळच मिळत नाही. आणि ज्या सिस्टरने तो डोस पाहून थांबवला, तिचं नाव घेऊन ओव्हरच्या वेळी, म्हणजे एक पाळी दुसरीला पेशंट सोपवते तेव्हा, सगळ्यांसमोर आभार माना. रागावणं पेशंटांसमोर झालं होतं. निदान हे तरी सगळ्यांसमोर होऊ द्या. मेट्रन मॅडमना, म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांना, झाला प्रकार तुम्ही स्वतः सांगा, काय बदललंत तेही सांगा. दुसरीकडून कळण्याआधी.

एवढ्या आग्रहाने का सांगते आहे, ते सांगते. मी इन्चार्ज झाले त्या पहिल्या वर्षी, मेल मेडिकलला, माझ्या वॉर्डात थर्मामीटर फार फुटायचे. मी नियम काढला: जिच्या हातून फुटेल तिने भरून द्यायचं. एका मुलीकडून पैसे घेतलेही. शिस्त लागली असं मला वाटलं, कारण त्यानंतर माझ्यापर्यंत काही फुटल्याचं येईचना. मग एका रात्री एक पेशंट कोलॅप्स झाला. डॉक्टर धावत आले, स्टाफने इमर्जन्सी ट्रे ओढला, घशात नळी घालताना लागतो तो लॅरिंगोस्कोप उघडला आणि त्याचा दिवाच लागेना. आतले सेल गळून हिरवे झाले होते. शेजारच्या वॉर्डातून दुसरा आणायला मामा, म्हणजे वॉर्डातले मदतनीस, जिन्यावरून पळत गेले आणि पळत आले. पेशंट वाचला, पण ती तीन-चार मिनिटं माझ्या अंगावरून अजून जात नाहीत. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा कळलं की दिवा लागत नाही हे एका मुलीला तीन दिवसांपासून माहीत होतं. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं माझ्याच माथी येईल."

बाकी सगळं मी शिकले ते त्या एका वाक्यापासून. चूक करणारी मुलगी वॉर्डाला परवडते. चूक लपवणारी परवडत नाही, आणि ती लपवायला शिकते ती इन्चार्जच्या तोंडाकडे बघून. म्हणून तुमची ती नवी मुलगी आज गप्प आहे हे मला त्या डोसपेक्षाही जास्त काळजीचं वाटतं. तुम्ही 'सुरुवातच चुकली का' असं विचारलंत. चुकली. पण महिनाच झाला आहे. वॉर्डातल्या मुली इन्चार्जला वर्षभर जोखत असतात. माफी मागणारी इन्चार्ज त्यांनी फारशी पाहिलेली नसते, त्यामुळे ती त्यांच्या लक्षात राहते.

आता तुमचे चार वाजतात त्याबद्दल.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आपल्या सगळ्यांना फ्लॉरेन्स नाइटिंगेल शिकवतात: दिवा, क्रिमियाचं युद्ध, १२ मेचा जन्मदिवस. पण १८५९ साली तिने शुश्रूषेवर जे लिहिलं, त्यात व्यवस्थेवर एक आख्खं प्रकरण आहे, ते कुणी इन्चार्ज होताना वाचून घेत नाही. ती म्हणते की तुम्ही हजर असताना जे करता ते तुम्ही नसतानाही होईल अशी व्यवस्था जमली नाही, तर बाकीच्या चांगल्या शुश्रूषेवर पाणी पडतं. आणि जिच्याकडे जबाबदारी आहे तिने स्वतःला विचारायचं ते हे, की ही योग्य गोष्ट नेहमी होत राहावी याची मी काय तजवीज केली आहे. 'ती मी स्वतः नेहमी कशी करेन' हा तिचा प्रश्न नव्हे. इतक्या वर्षांपूर्वीचं आहे, पण तुमच्या पत्राला याहून नेमकं उत्तर मला सुचत नाही.

तुम्ही चौदा वर्षं उत्तम सिस्टर होतात म्हणून तुमची शीर चुकत नाही. पण तुम्ही जितक्या वेळा पुढे होऊन इन्ट्राकॅथ घालता, तितक्या वेळा दुसरीची ती संधी जाते. रात्री तीन वाजता तुम्ही घरी झोपलेल्या असता आणि एखादी डिहायड्रेशनची म्हातारी येते, शिरा बसलेल्या, तेव्हा तिच्यासमोर हीच मुलगी असते. दिवसा तिच्या शेजारी उभ्या राहा. हात मागे बांधून उभ्या राहा, मला शब्दशः तसं करावं लागलं होतं. पट्टा कुठे बांधते बघा, हात खाली लोंबता ठेवायला सांगा, दोनदा चुकू द्या. तिसऱ्यांदा पेशंटच्या हितासाठी तुम्ही घाला, पण काय केलंत ते तिला दाखवत घाला. इमर्जन्सी असेल तर अर्थातच हे काही नाही, तिथे जिचा हात चालतो तिचा हात.

राउंडला तुम्ही जाच, पण ज्या सिस्टरकडे ती खाट आहे तिला पुढे उभं करा. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं तर तुम्ही तिच्याकडे बघा. पहिले आठ दिवस डॉक्टर वैतागतील, मुली अडखळतील. मग त्या आदल्या रात्रीचे युरिन आउटपुट पाठ करून यायला लागतील, कारण आपल्याला विचारणार हे त्यांना ठाऊक असेल. इंडेंट एका मुलीकडे, इमर्जन्सी ट्रे एकीकडे, फ्रीज आणि थर्मामीटरची नोंद एकीकडे, ऑक्सिजन सिलिंडर एकीकडे, असं वाटून द्या. महिन्याला बदला. मात्र वाटून दिलं म्हणजे सुटलं असं समजू नका. आठवड्यातून एकदा, वार न ठरवता, तुम्ही स्वतः ट्रे उघडा, कृत्रिम श्वास द्यायची अंबू बॅग दाबून बघा, लॅरिंगोस्कोप लावून बघा. तीन वाजता पर्स उचला आणि निघा. तुम्ही बसून राहिलात की दुपारच्या सिस्टरचा हात आखडतो, हे मी दुपारच्या ड्यूट्या करून सांगते आहे.

ओव्हर मात्र सोडू नका. सकाळी आठची ओव्हर खाटेजवळ घ्या, टेबलाजवळ नको. टेबलाजवळच्या ओव्हरमध्ये '१२ नंबर स्टेबल' एवढंच येतं. खाटेजवळ उभं राहिलं की १२ नंबरचा सुजलेला हात दिसतो.

मैत्रिणीचं सर्वांत अवघड, आणि त्याला सोपा उपाय मी सांगणार नाही, कारण नाही. तुमची पदोन्नती सेवाज्येष्ठतेने झाली असणार. ती तुमच्याच बॅचची, म्हणजे यादीत तुमच्या मागे कदाचित काही महिन्यांच्या, कदाचित काही दिवसांच्या रुजू तारखेने राहिलेली. तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुम्ही दोघींनीही ती यादी पाहिली आहे. 'मॅडम म्हणतील तसं' हे टोमणा म्हणून ऐकू नका. तिला दुखलं आहे, आणि तुम्ही तिला एकदाही विचारलं नाहीत. महिनाभरात रुग्णालयाबाहेर एकदा तरी दोघी भेटलात का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

जा तिच्याकडे. रविवारी, घरी, जसं पूर्वी जात होतात तसं. यादीबद्दल तुम्हीच विषय काढा. 'तुझी ऑर्डर आली असती तर मी तुझ्या हाताखाली कशी वागले असते मला माहीत नाही,' असं मनापासून वाटत असेल तर म्हणा. घरी तिने तुम्हाला नावानेच हाक मारावी. वॉर्डात, पेशंटांसमोर, तुम्ही दोघी एकमेकींना 'सिस्टर' म्हणा, तुम्हीही तिला. आणि एक गोष्ट तिला आधीच सांगून टाका: ड्यूटी लिस्टमध्ये मैत्री येणार नाही, ना तुझ्या बाजूने, ना तुझ्याविरुद्ध. हे तुम्हाला जड जाईल. कारण तिला राग येऊ नये म्हणून तिच्या नाईट कमी कराव्यात असा मोह होणार, आणि लोक बोलतील या भीतीने एक जास्त लावावी असाही मोह होणार. दोन्ही मोह मला झाले आहेत. दुसरा जास्त वाईट, कारण तो प्रामाणिकपणासारखा दिसतो.

यावर मला एकच गोष्ट उपयोगी पडली, ती करा. गेल्या वर्षभराच्या ड्यूटी लिस्ट कपाटातून काढा. प्रत्येकीच्या नावापुढे किती नाईट, किती रविवार, आणि सणांना कोण ड्यूटीवर होतं हे एका कागदावर मांडा. गौरी, दिवाळी, ईद, १४ एप्रिल, नाताळ, सगळं. मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा एका सिस्टरची लक्ष्मीपूजनाची रात्र सलग तीन वर्षं वॉर्डात गेलेली निघाली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. ती बोलत नसे, म्हणून तिचं नाव पहिलं लिहिलं जायचं. आणि जी सर्वांत जास्त तक्रार करायची तिच्या नाईट सर्वांत कमी होत्या. मी तो कागद ड्यूटी रूममध्ये चिकटवला आणि काहीच बोलले नाही. पुढच्या लिस्टच्या वेळी निम्मी भांडणं झालीच नाहीत.

मागण्यांसाठी एक वही ठेवा. मुलाची दहावीची परीक्षा, सासूचं ऑपरेशन, गावची जत्रा, ज्या त्या स्टाफने २० तारखेपर्यंत त्यात लिहायचं. तोंडी मागणी जिन्यात, पॅसेजमध्ये, फोनवर घेऊ नका. 'वहीत लिही' एवढंच म्हणा, मैत्रिणीलाही. जे देता आलं नाही त्याचं कारण त्याच ओळीपुढे स्वतःच्या अक्षरात लिहा. लोक 'नाही' ऐकून घेतात. आपल्याला 'नाही' आणि दुसरीला गुपचूप 'हो', हे पचवत नाहीत.

मैत्रिणीला मान द्यावा म्हणून तिला काहीतरी पद दिल्यासारखं करू नका, ती ओळखेल. पण तिचा हात कशात चालतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नव्या मुलींना शिकवण्यात ती बरी असेल तर त्या इन्शुलिनवाल्या मुलीला पहिले दोन महिने तिच्याबरोबर लावा. त्यामागचं कारण वॉर्डाची गरज एवढंच असू द्या, आणि तिलाही तेच सांगा. तरीही ती वर्षभर तुटकच राहिली, तर राहू द्या. इन्चार्ज झाल्यावर जेवणाच्या सुट्टीतली एक जागा रिकामी होते. ती कामाने भरून काढायला जाऊ नका, त्यातूनच चार वाजतात. दुसऱ्या वॉर्डाच्या इन्चार्जबरोबर डबा खायला बसा. तिलाही कुणीतरी हवं असतं.

डेड स्टॉकचं सांगते, ते थोडक्यात आणि ठामपणे: न मोजलेल्या वस्तूवर सही करू नका. स्टोअर कितीही घाई करो. एक दुपार ठरवा, स्टोअरचा माणूस, वॉर्डातली एक सिस्टर आणि तुम्ही, तिघांनी खाट, गादी, लॉकर, सलाईन स्टँड, बीपी ॲपरेटस, सक्शन मशीन, ट्रे, एकेक मोजून लिहा. मोडकं काय, निर्लेखनाला, म्हणजे नोंदीतून कमी करायला, पाठवायचं काय, सापडत नाही ते काय, हे वेगळं लिहा आणि तिघांच्या सह्या घ्या. त्याआधी जुन्या मॅडमना एक फोन करा. निम्म्या वस्तू उसन्या म्हणून दुसऱ्या वॉर्डात गेलेल्या असतात आणि ते त्यांच्या डोक्यात असतं, रजिस्टरमध्ये नसतं. शिवाय त्यांच्यामागे त्यांची कमतरता लिहिणं त्यांना कळलं तर वाईट वाटेल. सांगून लिहिलंत तर वाटणार नाही. उरलेल्या तुटीचं पत्र मेट्रनच्या नावे द्या आणि पोच घ्या. पहिल्या दोन महिन्यांत दिलेलं पत्र नव्या इन्चार्जचं असतं. सहाव्या महिन्यात दिलंत तर ती तूट तुमची धरतात.

मावशी आणि मामांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. बरं चाललं असेल अशी आशा आहे. तरी इंडेंटपासून बेडपॅनपर्यंत तुमच्या वॉर्डात खरं काय होतं हे सर्वांत आधी मावशींना कळतं, तेव्हा सकाळी आल्यावर पहिलं 'रात्र कशी गेली' हे त्यांना विचारा. कचऱ्याच्या लाल पिशवीत, जिथे सुई जायला नको तिथे, सुई सापडली तर ओरडू नका, सुई आणि पिशवी घेऊन जिने टाकली तिच्याकडे जा. टोचते ती मावशींनाच.

बाकी तुम्ही घरी जाऊन रडता, ते मी समजू शकते. चौदा वर्षं कामाचं कौतुक तिथल्या तिथे मिळत होतं, पेशंट हात धरून 'सिस्टर, तुम्ही होतात म्हणून' असं म्हणायची. इन्चार्जला तसं कुणी म्हणत नाही. ज्या रात्री काही वाईट झालं नाही, ती तुमच्या कामाची रात्र असते आणि तिची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही. ती तुम्हीच सकाळी ओव्हरमध्ये ऐकायची.

त्या मुलीची पुढची मॉर्निंग कधी आहे ते लिस्टमध्ये बघा. त्या दिवशी तिला पावणेआठला यायला सांगा, ओव्हर सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं तुम्हा दोघींना मिळतील. आणि दोन रिकामे डबे घरून घेऊन जा. सिरिंजच्या डब्यांवर ४० आणि १०० तिलाच लिहू द्या.